आई आणि बाळाच्या आतड्यातला ई. कोलाय 'तोच' आहे, हे कशावरून म्हणायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने चौदा आई-बाळ जोड्यांचे (बाळं तीनेक महिन्यांची) स्टूल सॅम्पल घेतले. प्रत्येक नमुन्यातून मॅक्कॉन्की अगर या जिवाणू वाढवायच्या माध्यमावरची एकेक कॉलनी, म्हणजे एका पेशीपासून वाढलेला जिवाणूंचा ठिपका, उचलली आणि अशा अठ्ठावीस कॉलनींचं १६एस आरआरएनए हे जिवाणू ओळखायला वापरतात ते जनुक सँगर पद्धतीने वाचून घेतलं. नऊ जोड्यांत आईचा आणि बाळाचा सीक्वेन्स ९९.८ ते १०० टक्के जुळला. गाईड म्हणतात, 'आईकडून बाळाकडे तोच स्ट्रेन (प्रजातीतलं तेच वाण) गेला असं लिहा.' त्यात एका निरोगी आईची कॉलनी डेटाबेसमध्ये शिगेला फ्लेक्सनेरी या आमांश घडवणाऱ्या जिवाणूशी ९९.९ टक्के जुळली, त्यामुळे सगळे घाबरले. आता ती विचारते आहे: किती टक्के जुळलं म्हणजे 'तोच' म्हणायचं? आणि डीएनएवरून जिवाणूंचं नातं मोजायची खात्रीची पद्धत कोणती?

आधी सरळ उत्तर देतो. १६एसच्या जोरावर 'तोच स्ट्रेन' असं लिहू नका. नऊपैकी एकाही जोडीबद्दल लिहू नका. तुमचं काम वाया गेलेलं नाही, फक्त तुम्ही जे मोजलं ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. 'किती टक्के' याला एकच आकडा नाही, कारण तो तुम्ही किती जुनं नातं विचारताय यावर ठरतो. दोन्ही जिवाणू एकाच प्रजातीचे आहेत का, हा एक प्रश्न. एकाच घराण्यातले आहेत का, हा दुसरा. आणि गेल्या काही महिन्यांत एकाच पेशीपासून वाढलेत का, हा तिसरा. तुमचा प्रश्न तिसरा आहे आणि हातातलं माप पहिल्याचं आहे. भाजीच्या तागडीत सोनं तोलायला गेलं की तागडी खोटी नसते, पण गुंजभर फरक तिला कळत नाही.

हे नुसतं म्हणून चालणार नाही, हिशेब करून बघू. ई. कोलायचं १६एस जनुक १५४२ अक्षरांचं (अक्षर म्हणजे डीएनएमधला एक बेस). प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या के-१२ एमजी१६५५ या स्ट्रेनचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए मिळून, सुमारे ४६ लाख ४० हजार अक्षरांचा. म्हणजे तीन हजार पानांच्या ग्रंथातलं एक पान तुम्ही वाचलं. तेही बहुधा पूर्ण नाही, कारण सँगरच्या एका रीडमध्ये भरवशाची सात-आठशे अक्षरंच मिळतात. आठशे अक्षरांत ९९.७५ टक्के जुळणं म्हणजे दोन अक्षरांचा फरक. ते दोन खरे फरक आहेत की क्रोमॅटोग्रामच्या, म्हणजे यंत्राने काढलेल्या शिखरांच्या आलेखाच्या, शेपटाकडचा गोंधळ, हे फाइल उघडून डोळ्यांनी बघितल्याशिवाय मीही सांगू शकणार नाही. त्यात ई. कोलायच्या जीनोममध्ये या जनुकाच्या सात प्रती असतात आणि त्या एकमेकींशी तंतोतंत जुळतीलच असं नाही. तेव्हा एकाच पेशीतसुद्धा एखाद्या जागी दोन शिखरं एकावर एक दिसू शकतात.

याहून महत्त्वाचा मुद्दा वेगाचा. १६एस हा रायबोसोमचा, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राचा, कणा आहे. त्यात मनमानी बदल झाले तर पेशी प्रथिनंच बनवू शकणार नाही, म्हणून ते फार सावकाश बदलतं. एक जुना, ढोबळ पण उपयोगी अंदाज असा की दोन शाखांमध्ये १ टक्का फरक पडायला सुमारे ५ कोटी वर्षं लागतात. या हिशेबाने १५४२ अक्षरांत एका अक्षराचा फरक पडायलाच तीसेक लाख वर्षं हवीत. तुम्हाला विचारायचं आहे गेल्या तीन महिन्यांबद्दल! १६एस शंभर टक्के जुळलं तर त्यातून एवढंच कळतं की दोन्ही कॉलनी एकाच भागातल्या आहेत. पिनकोड कळतो, घर नाही.

आता शिगेलाची घबराट. ती आई निरोगी असेल आणि कॉलनी मॅक्कॉन्कीवर गुलाबी, म्हणजे लॅक्टोज आंबवणारी असेल, तर बहुतेक तो साधा ई. कोलायच आहे. १६एसवरून ई. कोलाय आणि शिगेला वेगळे करता येत नाहीत. डेटाबेस यादीत सर्वांत वर जे नाव दाखवतो त्याला इथे काही अर्थ नाही. खालच्या पन्नास ओळी वाचा, त्यात ई. कोलाय तितक्याच टक्क्यांनी दिसेल. खात्रीसाठी दोन गोष्टी करा. चलनशीलता आणि लायसिन डिकार्बॉक्सिलेज हे विकर (एन्झाइम) तपासा, शिगेलात दोन्ही नसतात. आणि आयपीएएच या जनुकाचा पीसीआर, म्हणजे ते जनुक आहे का हे त्याच्या भरपूर प्रती काढून बघायची चाचणी, करा. ते जनुक शिगेलात आणि त्याच्यासारखाच आतड्याच्या पेशींत घुसणाऱ्या ई. कोलायच्या गटात असतं, साध्या ई. कोलायमध्ये नसतं.

पण नावाचा हा घोळ का झाला ते समजून घ्या, कारण तुमचा पूर्ण विषय त्यात आहे. १८८५ साली थेओडोर एशेरिश यांनी तान्ह्या बाळांच्या शौचातल्या जिवाणूंचं वर्णन केलं, त्यातला एक म्हणजे आजचा ई. कोलाय. पुढे १८९७ साली कियोशी शिगा यांनी जपानमधल्या आमांशाच्या साथीतून त्याचा जिवाणू शोधला. एक निरोगी बाळाच्या पोटातला, दुसरा रक्ती आंव घडवणारा. दोन वेगळी नावं पडली यात नवल नाही. नंतर डीएनए ताडून पाहिल्यावर कळलं की शिगेलाचे बहुतेक सगळे प्रकार ई. कोलायच्या वंशवृक्षातच बसतात. तेही एका फांदीवर नाही, वेगवेगळ्या फांद्यांवर. ई. कोलायच्या वेगवेगळ्या घराण्यांनी स्वतंत्रपणे तेच आक्रमणाचं प्लाझ्मिड (गुणसूत्राबाहेरचं, एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारं डीएनएचं कडं) मिळवलं आणि लायसिन डिकार्बॉक्सिलेजसारखी तीच तीच जनुकं गमावली. आपल्याकडे गावोगावचे पाटील असतात ना, तसं. ज्याच्याकडे गावची पाटीलकी आली तो पाटील झाला, पण सांगलीचे पाटील आणि जळगावचे पाटील एका रक्ताचे असायलाच हवेत असं नाही. शिगेला हे आडनाव कामावरून पडलं, कुळावरून नाही. वैद्यकीय सोयीसाठी ते टिकवलं आहे आणि ते योग्यच आहे. जुलाबाच्या रुग्णाच्या रिपोर्टवर शिगेला या शब्दाचं वजन डॉक्टरला कळतं.

डीएनएवरून नातं मोजायची पहिली खरी पद्धत जीनोम वाचण्याच्या फार आधीची आहे, आणि आजचे सगळे आकडे तिच्यातूनच आलेत. एका जिवाणूचा डीएनए किरणोत्सारी खुणेने चिन्हांकित करायचा, तापवून त्याचे दोन धागे सुटे करायचे, दुसऱ्या जिवाणूच्या सुट्या धाग्यांमध्ये मिसळायचे आणि ठरावीक तापमानाला ठेवून द्यायचे. जिथे अक्षरं पुरेशी जुळतात तिथे धागे पुन्हा जोडी जमवतात. मग हायड्रॉक्सीअॅपेटाइट या खनिजाच्या स्तंभातून सोडलं की जोडी जमलेले धागे चिकटून राहतात, एकटे वाहून जातात. किती खूण चिकटून राहिली, यावरून नात्याची टक्केवारी. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डॉन ब्रेनर, स्टॅनली फाल्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आतड्यातल्या जिवाणूंच्या कुळावर हे काम फार चिकाटीने केलं. ई. कोलाय आणि शिगेला यांच्यात साधारण ८० ते ९० टक्के, ई. कोलाय आणि साल्मोनेलात ४५च्या आसपास. जमलेली जोडी पुन्हा तापवून ती किती तापमानाला सुटते हेही बघत. मूळ जोडीपेक्षा १ अंश आधी सुटली तर अंदाजे १ टक्का अक्षरं जुळत नाहीत असं समजत. म्हणजे एकाच प्रयोगात दोन मापं मिळत: किती भाग जोडी जमवतो, आणि जमलेला भाग किती शुद्ध जुळतो. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

१९८७ साली वर्गीकरणतज्ज्ञांच्या समितीने प्रजातीची रेषा आखली: ७० टक्के किंवा जास्त जोडी जमली आणि वितळण्यातला फरक ५ अंश किंवा कमी असला तर एक प्रजाती. इथे दरवर्षी विद्यार्थी एकच चूक करतात. ७० टक्के म्हणजे ७० टक्के अक्षरं सारखी, असा अर्थ नाही. अक्षरांत फार फरक असेल तर धागे जोडी जमवतच नाहीत, त्यामुळे आकडा झपाट्याने खाली येतो. म्हणून साल्मोनेला ४५वर दिसतो, पण दोघांत जी जनुकं समान आहेत त्यांची अक्षरं ताडली तर बरीच जास्त जुळतात. ७० टक्के जोडी जमणं म्हणजे अक्षरांच्या भाषेत सुमारे ९५ टक्के साम्य.

ही पद्धत किचकट होती, एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीशी पाच-दहा टक्क्यांनी चुकायचा, आणि प्रत्येक नव्या जिवाणूसाठी सगळं पुन्हा करावं लागायचं. तरी तिचे उपकार मोठे आहेत. बांगलादेशातल्या जुलाब झालेल्या मुलांच्या शौचातून १९९०च्या सुमारास काही जिवाणू मिळाले होते. जैवरासायनिक चाचण्यांनी त्यांना हाफनिया अल्वेई असं आतड्यातल्या दुसऱ्याच एका जिवाणूचं नाव दिलं. डीएनए ताडून पाहिल्यावर कळलं की हे हाफनिया नाहीतच, एशेरिशियाच्या घरातले आहेत आणि तिथेही वेगळी खोली करून राहणारे. २००३ साली त्यांना एशेरिशिया अल्बर्टी अशी स्वतंत्र प्रजाती म्हणून मान्यता मिळाली. चाचणीपट्टीवर विसंबून राहिले असते तर त्या मुलांच्या आजाराचा खरा धनी कोण ते कळलंच नसतं.

आज धागे जुळवायची गरज नाही. दोन्ही जीनोम वाचायचे, एकाचे तुकडे करून दुसऱ्यात कुठे बसतात ते संगणकाला शोधायला सांगायचं आणि बसलेल्या तुकड्यांच्या साम्याची सरासरी काढायची. याला एएनआय म्हणतात, सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य. ९५ ते ९६ टक्के ही प्रजातीची रेषा. २०१८ साली फास्टएएनआय या साधनाने सुमारे नव्वद हजार जीनोम एकमेकांशी ताडले, तेव्हा ८३ ते ९५ टक्क्यांच्या मधल्या पट्ट्यात जोड्या फारच थोड्या सापडल्या. म्हणजे ही रेषा समितीने कागदावर ओढली असली तरी तिथे निसर्गातही दरी आहे. हे मला आजही विलक्षण वाटतं.

पण एएनआयच्या आकड्यासोबत नेहमी दुसरा आकडा मागा: किती टक्के जीनोम बसला. एएनआय फक्त बसलेल्या भागाची सरासरी सांगतो. जे बसलंच नाही त्याबद्दल तो गप्प असतो. ई. कोलायमध्ये हे गप्प राहणं महागात पडतं. २००२ साली तीन ई. कोलाय शेजारी ठेवून बघितले गेले: १९२२ साली घटसर्पातून बऱ्या होत असलेल्या रुग्णाच्या शौचातून मिळालेला के-१२, रक्ती जुलाब घडवणारा ओ१५७, आणि मूत्रमार्गाचा संसर्ग घडवणारा सीएफटी०७३. तिघांच्या प्रथिनांची एकत्र यादी केली तर तिघांतही असलेली फक्त ३९.२ टक्के. प्रजाती एक, एएनआय रेषेच्या वर, आणि तरी सामानातलं निम्मंसुद्धा सामाईक नाही. म्हणून जुन्या लोकांची दोन मापांची सवय सोडू नका.

इथपर्यंतचं एका दमात: १६एस पिनकोड सांगतं, एएनआय प्रजाती सांगतो, आणि बसलेल्या भागाची टक्केवारी सामानाबद्दल सांगते. तुमचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

कारण समजा तुम्ही दोन्ही जीनोम वाचले आणि एएनआय ९९.९९ टक्के आला. कोणीही म्हणेल, झालं, तोच आहे. पण हिशेब करा. ५० लाख अक्षरांच्या जीनोममध्ये ०.०१ टक्का म्हणजे ५०० अक्षरं वेगळी. माणसाच्या आतड्यात ई. कोलायच्या जीनोममध्ये वर्षाला साधारण एक अक्षर बदलतं. एका कुटुंबात, त्यांच्या कुत्र्यासकट, तोच स्ट्रेन तीन वर्षं पाळत ठेवून मोजला तेव्हा हाच दर मिळाला होता. बदल दोन्ही शाखांत होतात, म्हणजे दोघांमध्ये वर्षाला दोन. ५०० फरक पडायला अडीचशे वर्षं लागतील. ९९.९९ टक्के सारखे असलेले ते दोन जिवाणू शेवटचे एकत्र होते तेव्हा पुण्यात पेशवे होते. बाळ तर जेमतेम तीन महिन्यांचं आहे. हा ढोबळ हिशेब आहे, बदलाचा दर स्ट्रेननुसार आणि परिस्थितीनुसार हलतो, पण मुद्दा त्याने बदलत नाही. तुमच्या प्रश्नासाठी टक्केवारी सोडा आणि फरक मोजा, एकेक अक्षराचा फरक, ज्याला आपण स्निप म्हणतो. आईच्या आणि बाळाच्या कॉलनीत काही महिन्यांच्या अंतराने शून्य ते आठ-दहा फरक असतील तर अलीकडचा सामाईक पूर्वज मानायला मी तयार होतो. शेकडो असतील तर ते दोघं एकाच आळीतले असतील, एका घरातले नाहीत. आणि मध्ये, म्हणजे वीस-तीस-पन्नास आले तर? तिथे मी ठाम बोलत नाही. आईच्या पोटात तो स्ट्रेन दहा-पंधरा वर्षं नांदत असेल आणि त्याच्या पोटशाखा झालेल्या असतील तर तेवढे फरक घरातल्या घरातच पडू शकतात.

फरक मोजतानाही एक गाळणी लागते. जिवाणूंना नाती दोन प्रकारची असतात. एक भावकी: पेशी दुभंगते आणि डीएनए वारशाने पुढे जातो. दुसरी सोयरीक: शेजारच्या जिवाणूकडून, विषाणूमार्फत किंवा प्लाझ्मिडवर बसून आलेला डीएनए. बाहेरून एक तुकडा आला की एकाच जागी पन्नास-साठ फरक दाटीने दिसतात, आणि भोळेपणाने मोजलं तर सख्खी भावंडं परकी ठरतात. म्हणून एकाच जागी गर्दी करणारे फरक आधी वेगळे काढावे लागतात. त्यासाठी गबिन्ससारखी साधनं आहेत. उलटही होतं. आईच्या आणि बाळाच्या कॉलनीत प्रतिजैविकाला दाद न देणारं तेच प्लाझ्मिड सापडतं आणि लोक म्हणतात 'तोच स्ट्रेन.' नाही. प्लाझ्मिड आज या घरात, उद्या त्या घरात. त्याचं नातं वेगळं काढा आणि गुणसूत्राचं वेगळं.

मी याबद्दल इतकं जीव तोडून का सांगतोय, तेही सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका नवजात कक्षात दोन बाळांना एकापाठोपाठ ई. कोलायचा संसर्ग झाला. तेव्हा आमच्याकडे जी पद्धत होती तिने दोन्ही स्ट्रेन एकसारखे दिसले, आणि मी तसा रिपोर्ट दिला. 'एकाकडून दुसऱ्याकडे गेला' असा त्याचा अर्थ काढला गेला आणि दोन्ही बाळांना हाताळणाऱ्या एका सिस्टरकडे बोट दाखवलं गेलं. नंतर जीनोम वाचायची सोय झाली तेव्हा आम्ही जपून ठेवलेल्या त्याच कॉलनी काढून वाचल्या. दोन्ही एसटी१३१ निघाले, म्हणजे जगभर पसरलेलं तेच एक घराणं. पण दोघांमध्ये शेकडो फरक होते. एका बाळाकडून दुसऱ्याकडे काही गेलेलं नव्हतं. आम्ही ते लेखी कळवलं, पण त्या सिस्टर तोवर ती नोकरी सोडून गेल्या होत्या. तेव्हापासून 'तोच' हा शब्द लिहिण्याआधी मी थांबतो. सात जनुकांवरून घराणं ठरवणारी एमएलएसटी पद्धत उत्तम आहे, मी रोज वापरतो. पण घराणं एक म्हणजे घर एक नव्हे, आणि पसरलेल्या घराण्याच्या बाबतीत तर मुळीच नव्हे.

आता तुमच्या प्रयोगातली मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट: एका नमुन्यातून एकच कॉलनी. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेलं एक, आधण एक, तांदूळ एक. आतडं तसं नाही. एका माणसाच्या पोटात ई. कोलायचे दोन-चार स्ट्रेन सहज एकत्र असतात. एक दांडगा, बाकीचे कोपऱ्यात. प्लेटवर उठून दिसणारी कॉलनी बहुतेक दांडग्याचीच. आणि बाळाच्या रिकाम्या आतड्यात नेमका कोपऱ्यातला जाऊन फोफावू शकतो. आमच्याकडे अशीच एक जोडी होती. पहिल्या कॉलनींवरून आई आणि बाळ पूर्ण वेगळे दिसले, आणि आम्ही ती जोडी बाजूला ठेवली. एका सहकारी बाईंना चैन पडेना. त्यांनी आईच्या साठवलेल्या नमुन्यातून पुन्हा आठ कॉलनी उचलल्या. सातवी बाळाच्या कॉलनीशी जुळली, तीन फरकांनी. त्यामुळे तुमच्या उरलेल्या पाच जोड्यांत 'संक्रमण झालं नाही' असंही लिहू नका. दोन कॉलनी वेगळ्या आहेत, एवढंच तुम्हाला माहीत आहे. आई आणि बाळ वेगळे आहेत, हे अजून कोणालाच माहीत नाही.

जुळल्या तरी दिशा कळत नाही. आईकडून बाळाकडे, बाळाकडून आईकडे, की वॉर्डमधून दोघांकडे? डीएनएचं साम्य याबाबत मुकं आहे. दिशेबद्दल बोलायचं तर आईचा नमुना प्रसूतीच्या आधीचा हवा आणि बाळाचे नमुने पहिल्या दिवसापासून क्रमाने हवेत. त्याच वॉर्डमधल्या, त्याच आठवड्यातल्या इतर आयांच्या कॉलनीही ताडायला हव्यात. बाळाची कॉलनी स्वतःच्या आईशी चार फरकांनी जुळते आणि शेजारच्या खाटेवरच्या आईशीही पाच फरकांनी, असं निघालं तर गोष्ट पूर्ण बदलते. प्रसूती नैसर्गिक की सिझेरियन, प्रतिजैविकं दिली होती का, बाळ आईजवळ होतं की काचेच्या पेटीत, हे सगळं तुमच्या तक्त्यात असू द्या. माझा अनुभव असा की आईकडून आलेलं बिफिडोबॅक्टेरियम किंवा बॅक्टेरॉइड्स पकडणं तुलनेने सोपं जातं. ई. कोलाय बाहेरूनही सहज येतो, म्हणून त्याच्या बाबतीत ही तुलना सोडून चालणार नाही.

पैशांचं काय, हा तुमचा न विचारलेला प्रश्न मला कळतो. अठ्ठावीस जीनोम वाचायला विभाग पैसे देणार नाही. मी असं करीन. स्वस्त चाचणी नातं तोडू शकते, जोडू शकत नाही. मग तिला तोडायचंच काम द्या. सगळ्या कॉलनींवर क्लेर्मोंट यांचा चार जनुकांचा पीसीआर करा. एका दिवसात प्रत्येक कॉलनी ए, बी१, बी२, डी वगैरे यांपैकी ई. कोलायच्या कोणत्या वंशगटातली ते कळेल. आईची कॉलनी बी२ आणि बाळाची ए असेल तर त्या दोघींवर पुढचा खर्च करू नका. मात्र जेलवर (पीसीआरचा निकाल बघायच्या पट्टीवर) बँड, म्हणजे त्या जनुकाची रेघ, न दिसणं म्हणजे जनुक नसणं, असं एका जेलवरून ठरवू नका, पुन्हा करून बघा. वाचलेल्या पैशांतून उरलेल्या नमुन्यांमधून प्रत्येकी आठ-दहा कॉलनी उचला, त्यांनाही हीच चाळणी लावा. शेवटी ज्या जोड्या गटात जुळतात त्यांचेच जीनोम वाचायला पाठवा. चार-पाच जोड्या निघाल्या तरी प्रबंध उभा राहतो.

वाचून घेताना तीन गोष्टी सांभाळा. सगळे नमुने एकाच यंत्रावर, एकाच पद्धतीने वाचा. अर्धे इलुमिनावर आणि अर्धे नॅनोपोरवर वाचले तर यंत्रांच्या चुकाच तुम्हाला फरक म्हणून दिसतील. ताडायला संदर्भ म्हणून के-१२ घेण्याऐवजी त्याच जोडीतल्या आईचा जीनोम घ्या, म्हणजे के-१२मध्ये नसलेला भाग हिशेबातून गळणार नाही. आणि एक कॉलनी मुद्दाम दोनदा पाठवा, वेगळ्या नावाने. तिच्या दोन वाचनांमध्ये जितके फरक निघतील तितका तुमच्या मापाचा स्वतःचा गोंधळ. तो दोन असेल तर आई-बाळातल्या तीन फरकांना तुम्ही किती भाव द्यायचा ते आपोआप ठरेल. मग सगळ्या फरकांचा आलेख काढा: स्वतःच्या जोडीतले फरक एका रंगात, परक्या जोड्यांतले दुसऱ्या रंगात. दोन उंचवटे वेगळे दिसले तर तुमची रेषा तुमच्याच माहितीने आखून दिली. कोणाच्या पेपरमधला 'दहा स्निप' उसना घ्यायची गरज नाही.

कोणी सुचवेल की कॉलनी कशाला, थेट शौचातला सगळाच डीएनए वाचा. मार्ग चांगला आहे. माणसाच्या आतड्यातल्या जिवाणूंचे २,०४,९३८ जीनोम एकत्र करून ४,६४४ प्रजाती मोजल्या गेल्या, तेव्हा त्यातल्या ७० टक्क्यांहून जास्त प्रजाती प्लेटवर कधीच वाढवलेल्या नव्हत्या. त्यांच्यापर्यंत पोहोचायचा हाच रस्ता आहे. पण त्यासाठी खोल वाचन आणि संगणकाची ताकद लागते, आणि ई. कोलाय मोठ्यांच्या आतड्यात एकूण गर्दीच्या मानाने अगदी थोडा असतो. तुमच्या प्रश्नाला प्लेट आणि कॉलनीच बरी.

गाईडशी वाद घालू नका, त्यांच्यासमोर तो ५०० फरकांचा हिशेब कागदावर मांडा. मी तरी असाच समजावतो, आणि समजत नाही असा अजून कोणी भेटलेला नाही. प्रबंधात तूर्त हे वाक्य लिहा: 'नऊ जोड्यांतील आई व बाळ यांच्या कॉलनींचा १६एस सीक्वेन्स ९९.८ ते १०० टक्के जुळला. दोन्ही कॉलनी एशेरिशिया कोलाय–शिगेला समूहातील आहेत. स्ट्रेन एकच आहे किंवा नाही हे या माहितीवरून ठरवता येत नाही.' यातला एकही शब्द तुम्हाला परत घ्यावा लागणार नाही.

आणि आज संध्याकाळीच लॅबमध्ये जाऊन मूळ स्टूल सॅम्पल उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये अजून आहेत का ते बघा. फ्रीझर साफ करताना 'काम झालेले' डबे आधी टाकले जातात. असतील तर त्यावर तुमचं नाव, तारीख आणि 'टाकू नये' असं लिहा. अठ्ठावीस कॉलनींचे ग्लिसरॉल स्टॉक (गोठवून जिवंत जपलेले नमुने) दोन वेगळ्या फ्रीझरमध्ये ठेवा. सँगरच्या मूळ क्रोमॅटोग्राम फाइलीही जपा, फक्त अक्षरांची यादी ठेवून चालणार नाही. नमुने मिळाले आणि क्लेर्मोंटच्या जेलचा फोटो हाती आला की इथेच टाका. कोणत्या जोड्या पुढे पाठवायच्या ते आपण मिळून ठरवू.